धोंडाबाईंनी घेतलेलं नाव

घाटघर

अम्मी, सलाम.

मी खुशाल आहे, पोटभर जेवते.

पर्यटकांशी बोलता यावं म्हणून इथल्या बायकांना इंग्रजी शिकवते, हे तुला ठाऊकच आहे. सोमवारी धोंडाबाईंना नवऱ्याचं नाव इंग्रजीत सांगायला लावलं. त्यांनी तोंडाला पदर लावून मान हलवली. मी मूर्खासारखा हट्ट धरला. शेवटी म्हणाल्या, "सोपान."

शुक्रवारी सोपानभाऊ गवत कापताना कड्यावरून पडून वारले.

मला कुणी बोललं नाही. धोंडाबाई एवढंच म्हणाल्या, "बाई, नाव घेतलं की धन्याचं आयुक्ष घटतं. तीस वर्सं घेतलं न्हवतं."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तूही अब्बांचं नाव कधी घेत नाहीस, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

अब्बा बरे आहेत ना? तेवढं आधी कळव.

तुझीच,
यास्मिन