पित्ताची म्हणून सांगितलेली गोळी

६ जानेवारी
नगरला जाऊन आलो. राहुरीत डॉक्टर नाहीत असं नाही, पण देवळालीपासून राहुरीपर्यंत मला कुत्रंही ओळखतं. लग्न असो, दहावा असो, माईक माझ्याच हातात. म्हणून नगर. तिथेही दवाखान्यासमोरून एकदा सरळ पुढे गेलो, टपरीवर नको असलेला चहा घेतला, मग आत शिरलो. पाटीवर ‘मानसोपचार’ एवढं ठळक लिहायची काय गरज आहे यांना!

डॉ. बाई आहेत, माझ्याहून लहान. सांगितलं त्यांना. दिवाळीपासून झोप नाही, अन्न गोड लागत नाही, आठवीला कविता शिकवताना खडू हातात धरून रडलो. पोरांना वाटलं कविताच तशी आहे. ‘नैराश्य आहे, बरं होतं,’ म्हणाल्या. रोज एक गोळी, नाश्त्यानंतर. पहिला आठवडा अर्धी. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर मळमळेल. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच दिवशी फोन. मनाने बंद करायची नाही.

घरी सुनंदाने पिशवी पाहिली. ‘कसल्या गोळ्या?’ ‘पित्ताच्या.’ पटकन आलं तोंडात. सूत्रसंचालनाची सवय, दुसरं काय.

९ जानेवारी
पाकिटावरचं नाव सु.ने कुणाला वाचायला दिलं तर? पित्ताच्या गोळ्यांची जुनी प्लॅस्टिकची बाटली होती, तिच्यात सगळ्या गो. सोलून टाकल्या. पाकिटं राहुरी स्टँडवर फेकली. चोरी करून आल्यासारखं वाटलं.

मळमळ आहेच. थंडीत बनियन घामाने भिजतं. सु. म्हणते, ‘पित्त लई वाढलंय तुमचं.’

२८ जानेवारी
आज सकाळी आपणहून अंघोळ करावीशी वाटली. ज्याच्यावर ही वेळ आली नाही त्याला यात काय विशेष ते कळायचं नाही. भाकरीला चव होती.

जांभया मात्र फार. झोप आलेली नसते, तरी येतात. तासाला पोरं मोजतात बहुतेक.

९ फेब्रुवारी
लिहायला हात धजत नाही. सोसायटीच्या जुन्या चेअरमनांचा दहावा, प्रवरेच्या घाटावर. ही गर्दी. प्रवचन झालं, पुढारी बोलून गाड्यांत बसले, शेवटी श्रद्धांजलीला मी. तोंडाला कोरड, पण आवाज लागला. ‘अण्णांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी...’ आणि जांभई. साधी नाही. जबडा निखळेल अशी, आणि माईक तोंडाशीच. चारी कर्ण्यांतून गेली. नदीपलीकडे म्हशी वळणाऱ्यानेही वर पाहिलं. बायांनी पदर तोंडाला लावले, रडत होत्या की हसत होत्या देव जाणे. अण्णांचा थोरला नुसता बघत राहिला. कसंबसं वाक्य पुरं केलं तर दुसरी आली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात, ते हेच.

१० फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये शिरलो की बोलणं थांबतं. शेवटी शेख सरांनी बाजूला घेतलं. विज्ञान शिकवतात, माझे जुने दोस्त. ‘सर, राग मानू नका. लोक म्हणतात, सर सकाळी सकाळीच लावून आले होते.’

आणि मी काय म्हणावं? ‘हो, थोडी घेतली होती.’

आयुष्यात थेंबाला शिवलो नाही! गोळीचं सांगण्यापेक्षा बेवडा म्हणवून घेणं सोपं वाटलं. शेख सर ‘तोबा’ म्हणाले आणि हळूच पाठीवर हात ठेवला. तो हात जास्त लागला.

उद्यापासून गो. बंद. जांभया हिच्यामुळेच आहेत, सरळ आहे. डॉ.ना कशाला विचारत बसू, मी काय कुकुलं बाळ आहे?

१४ फेब्रुवारी
मान वळवली की डोक्यात करंट बसतो. उघड्या वायरीला हात लागावा तसा. चक्कर. स्वप्नं भलतीसलती. कुणी नुसतं हाक मारली तरी अंगावर जावंसं वाटतं.

सु.ने विचारलं, भाकरी वाढू का? ताट ढकलून दिलं. भिंतीवर कालवण. ती फडकं घेऊन पुसत बसली. माझ्याच्याने मदतीला उठवलंसुद्धा नाही. शाळेत परिपाठाला रोज संस्कार सांगणारा माणूस मी.

१६ फेब्रुवारी
उसाच्या बांधावर जाऊन डॉ.ना फोन केला.

‘बंद करायला कुणी सांगितलं?’
‘मीच.’
‘एकदम बंद केली की असंच होतं. थांबवायची वेळ येईल तेव्हा मी सांगेन, हळूहळू कमी करू. उद्यापासून पुन्हा अर्धी. राहिलेल्या एकदम घेऊ नका. आणि या आठवड्यात दाखवायला या.’

जांभयांचं चाचरत सांगितलं. हसतील वाटलं, हसल्या नाहीत. ‘येतात काहींना या गोळीने. डोस बघता येतो, वेळ बदलता येते. विचारायचं होतंत. अजून काही त्रास?’

‘नाही.’

होता. बाईमाणसाला कसा सांगू?

२ मार्च
तो त्रास इथे लिहूनच टाकतो. नवरा म्हणून माझा काही उपयोग राहिलेला नाही. इच्छाच होत नाही, झाली तर तडीला जात नाही. सु. जवळ आली की मी तपासायचे पेपर काढतो.

आज गाईची धार काढता काढता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, ‘नगरला कोन हाय?’ जामखेडकडची आहे ती, आडपडदा ठाऊक नाही.
‘कोण असणार?’
‘सारखं नगर. आल्यावर मोबाईल उपडा ठिवता. मला हात लावत न्हाई. मी काय दुधखुळी हाय व्हय?’

‘कुणी नाही’ म्हणता आलं असतं. पण मग ‘कशापाई जाता’ आलंच. गप्प बसलो म्हणजे हो झालं. आणि खरी लाज ही, की मला हायसं वाटलं. बाहेरख्याली तर बाहेरख्याली. वेड्यांच्या डॉक्टरचं नाव तरी निघालं नाही.

११ मार्च
गो. पुन्हा लागू पडली. डोस कमीच ठेवलाय, जांभया आटोक्यात. वर्गात पोरं हसली की मलाही हसू येतं. शेख सर रोज बाजूला घेऊन विचारतात, ‘सुटली ना?’ सुटली म्हणतो.

घरी मात्र मसणवट. सु. अंथरूण स्वयंपाकघरात घालते. आज डबा देताना म्हणाली, ‘शिकलेली हाय का ती?’ स्वतः सातवीत शाळा सोडलेली. मला म्हणावंसं वाटलं, अगं कुणी नाही, तुझ्या गळ्याची शपथ. डबा घेतला नि निघालो. नालायक.

१९ मार्च
चुलतभावाच्या मुलीचं लग्न. जेवणं दुपार कलल्यावर. घरी आल्यावर सु.ला छातीत जळजळलं. मी चपला काढतोय तोवर फळीवरची बाटली उघडून दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्यासुद्धा. ‘तुमची पित्ताची घेतली. एकीनं काय हुतंय, दोन घेतल्या.’

गोठ्यामागे जाऊन डॉ.ना फोन. ‘दुसरी कुठली औषधं घेतात? बीपीची? वेदनेची?’ काही नाही. ‘मग बहुतेक मळमळ, घाबरल्यासारखं होईल, उतरेल. जवळ थांबा. उलट्या थांबेनात, छातीत धडधडलं, बडबडायला लागल्या तर लगेच दवाखान्यात न्या, काय घेतलंय ते सांगा. आणि सर, दुसऱ्या औषधाच्या बाटलीत गोळ्या? शिक्षक ना तुम्ही? त्यांना आत्ताच्या आत्ता खरं सांगा.’

सु.ला उलटी झाली, घाम फुटला, हात थरथरले. मी पाठ चोळत बसलो. तोंड उघडलं ते, ‘बाटली जुनी झालीय गं, गोळ्या खराब झाल्या असतील.’

‘व्हय,’ म्हणाली. एवढं होऊनही तिने विश्वास ठेवला.

२० मार्च
सु. बरी आहे. माझी तिच्याकडे बघायची टाप नाही. हजार माणसांसमोर अडखळत नाही, आणि एका बाईसमोर चार शब्द निघत नाहीत. बेवडा झालो, बाहेरख्याली झालो, काल बायकोच्या जिवाशी खेळलो. कशासाठी? लोक ‘सरांच्या डोक्यात फरक पडलाय’ म्हणतील म्हणून.

बाटली फेकली; गो. नव्या आणल्या, त्या आता पाकिटातच, माझ्या कपाटात, कुलपात. सु.ला म्हटलं, ‘मंगळवारी नगरला चल. भेटवतो.’
तिने पदर खोचला. मग, ‘चला. बघूच द्या तोंड तिचं.’

२४ मार्च
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.

सु. लग्नातला शालू नेसून आली. एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. इथे आल्यावर पाटी वाचली, एकेक अक्षर लावत. मग हळूच, ‘इथं नर्स हाय का ती?’
‘कुणी नाही. पेशंट मी आहे. दिवाळीपासून. ती गोळी पित्ताची नव्हती.’

पदराचा काठ चिमटीत धरून म्हणाली, ‘बाई आसती तर बरं हुतं. झिंज्या तरी उपटल्या आसत्या. आता मी कुनाशी भांडू?’ आणि घळाघळा रडली.

डॉ.नी आधी तिला एकटीलाच आत बोलावलं. मधे तिचा आवाज चढला, आता शांत आहे.

एवढ्यात समोरून, ‘सर, तुमी? इकडं कसं काय?’ आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील. पुतण्याला घेऊन आलेत, सरळ सांगितलं त्यांनी, आवाज न चोरता. आणि मी? ‘मिसेसला दाखवायला आणलंय.’ विचारसुद्धा करावा लागला नाही.
‘व्हय का? बायामान्सांचं मन हळवंच सर.’
‘हो ना,’ म्हणालो मी.

ती आत माझ्यासाठी बसलीय, आणि बाहेर मी तिलाच पेशंट करून टाकलं. उद्या हे गावभर होईल. तिच्या नावाने.

गृहस्थ अजून समोरच बसलेत. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर यायच्या आत त्यांना खरं सांगायला हवं. वही मिटतो. उठतो.