गप्पी मासे आणि कूलरची पाळी

४ मे, अकोला

पंचेचाळीस! आणि कूलरपुढे आज अनुपची पाळी. दुपारी एक ते तीन हा भाऊ घोरणार, मी स्वयंपाकघरात घामानं निथळणार. बाबांनी एसटीच्या डेपोत तीस वर्षं ड्यूट्या लावल्या. निवृत्त झाले तरी खोड जात नाही. घरात कूलर एक, म्हणून फ्रिजवर चार्ट!

प्रोजेक्ट सुरू. दहा गप्पी मासे कूलरशेजारच्या टबात – सव्वीस अंश. दहा ओसरीतल्या टबात – चौतीस. तीन आठवड्यांनी पाणी हळूहळू तापवायचं, मासा कितव्या अंशाला तोल सोडतो ते बघायचं आणि लगेच त्याला गार पाण्यात सोडायचं. ओसरीवाले जास्त टिकले पाहिजेत. नाहीतर माझी एम.एस्सी. लटकली!

९ मे

ओसरीवाल्यांचे कल्ले काय भराभर हलतात! गरम पाण्यात ऑक्सिजन कमी ना. पण हळूहळू अंग जुळवून घेतं – पेशींच्या आवरणातली चरबीसुद्धा बदलते म्हणे. माझी का नाही बदलत?

आई : "पयले तुपाच्या पोया कमी कर."

१३ मे

चहाला मासळीचा वास. आई म्हणते, "तुह्या नाकातच मासे शिरले."

२५ मे

कूलरवाले चाळीस पूर्णांक दोनला कलंडले. ओसरीवाले – चाळीस पूर्णांक दोन!! मासे सगळे जिवंत. मेले ती मी. गाइड मॅडमना काय तोंड दाखवू?

२७ मे

कॉलेजातून अकरालाच परतले. बघते तर बाबा चहाच्या गाळणीनं मासे उचलताहेत! कूलरवाले बाहेर, ओसरीवाले आत. रोज! पहिल्या दिवसापासून!

"काय करून राहिले बाबा?"

"पाळी बदलून राहिलो. त्याच दहा जणाईच्या नशिबी ऊन काहून? डेपोत बी मी असं होऊ देलं नाई."

"एकदम बदललं तर मरतील ना!"

"एकदम कोण धाडते? मधात अर्धा घंटा बादलीत रेस्ट देतो."

मी ढसाढसा रडले. त्यांनी कॅलेंडरामागून माशांचा चार्ट काढला. तारीख, वेळ, दोन्ही टबांचं तापमान, खाली सही.

२९ मे

मॅडम हसून हसून खोकल्या. मग म्हणाल्या, "रोज बदलणारं पाणी इतकं नेटानं कोण लिहून ठेवते? हाच विषय घे. तुलनेसाठी दुसरे वीस मासे ठेव, अन् त्याईची पाळी बदलू नको."

वाचले!! नवी गाळणी आणली.

१ जून

परिशिष्टात शोभेल म्हणून फ्रिजवरचा चार्टही उतरवायला घेतला. आई, अनुप, मी. आई, अनुप, मी. दोन महिने तेच. बाबांचं नावच नाही. दुपारभर ते ओसरीत गरम टबाशेजारी बसतात – मला वाटायचं, मासे राखतात. फार लाज वाटली.

आज माझी पाळी होती. बाबांना हाताला धरून आत आणलं. मधे अर्धा तास दारातच थांबले. रेस्ट म्हणे.