शंभर सेकंदांचे ठोके

१२ फेब्रुवारी १९८७, गुरुवार

डोंगरावरच्या बर्फ मोजायच्या ठाण्यावरून आजचे आकडे आले नाहीत. तिथे कालिन एकटा. आळशी आहे, माझा भाऊ असला तरी लिहिते! पण आकडे चुकवणारा नाही. वादळात टेलिफोनचे खांब पडलेत, आकडे पाठवणाऱ्या यंत्राची जमिनीत पुरलेली तार तेवढी शाबूत. आमच्या बॉयकोव्हसाहेबांनी इथल्या यंत्रावरच्या दिव्याकडे बोट दाखवलं— “‘सज्ज’ पेटलाय ना? मग झोपला असेल तुमचा भाऊ, बाई.” अहो, तो दिवा वरच्या यंत्राला वीज आहे एवढंच सांगतो! माणसाचं काय?

१३ फेब्रुवारी

आजही आकडे नाहीत. पण वरच्या यंत्राचे ठोके तारेतून येतच असतात, त्या तालावरच आमचं यंत्र चालतं. ते मोजले. शंभर सेकंदांत नऊ लाख साठ हजार हवेत. एकोणीस कमी भरले! गारठ्यात यंत्रातला ताल धरणारा स्फटिक मंदावतो. म्हणजे खोली गारठलीय, चूल विझलीय.

साहेब हसले— “आता बाई तारेतून ताप बघणार!” मी टेबलावर हात आपटला. शेवटी उद्या सकाळी इल्कोची बचाव तुकडी वर पाठवायला कबूल झाले.

१४ फेब्रुवारी

नऊ लाख साठ हजार! बरोब्बर! चूल पेटली!

इल्को बुटांचे पट्टे आवळत होता, त्याला मीच थांबवलं. “बरं झालं हो ताई, त्या वाटेवर आमचाच कडेलोट व्हायचा.” आज त्रिफोनचा, द्राक्षवेली छाटायचा सण. वेली छाटून झाल्यावर साहेबांनी स्वतः वाइन ओतली. “भावाला सांगा, झोप पुरे!” मीही हसले. किती हलकं वाटलं.

१५ फेब्रुवारी

आकडे नाहीत. ठोके पूर्ण.

१६ फेब्रुवारी

सकाळपासून दर तासाला मोजतेय. एका ठोक्याचाही फरक नाही. कालिनची चूल अशी कधीच नव्हती. लाकूड घालायला विसरतो, आठ-दहा ठोके हमखास उतरतात. ही चूल कुणीतरी डोळ्यांत तेल घालून राखतंय.

हा कालिन नव्हे. इल्कोला म्हटलं, जा, आत्ताच्या आत्ता जा.

१७ फेब्रुवारी

जिवंत आहे! ठाण्याखालच्या गवताच्या खोपटात सापडला. पाय मोडलेला, बुधवारपासून तिथेच पडून. ठाण्याला बाहेरून कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. इल्कोने उघडून पाहिलं. आत कुणी नाही. खोली मात्र उबदार होती म्हणे.

उजवं पाऊल कापावं लागणार. “शनिवारी आणला असता तर—” डॉक्टर म्हणाले. मी थांबवलं तुकडीला. मी!

१८ फेब्रुवारी

शुद्धीवर आला. माझा हात धरून म्हणाला, “ताई, शनिवारी धुराड्यातून धूर निघाला. वाटलं, तूच आलीस. हाका मारमारून घसा बसला. पण आत जो होता, तो नुसता खिडकीशी यायचा, माझ्याकडे बघत उभा राहायचा, आणि परत चुलीत लाकूड घालायला जायचा.”