खांद्यावरची दोन अक्षरं

३ फेब्रुवारी १९७४, रविवार
सौ.चा मावसभाऊ गजा आमच्या गोदासाठी स्थळ घेऊन आला. मुलगा खोपोलीच्या कारखान्यात फिटर. वडील खालापूरचे रिटायर्ड सुभेदार, भिवाजी पिंगळे. सुभेदार कडक, घराणं बघतात, असं गजा म्हणाला. मी ताबडतोब म्हणालो, आमचंही मिलिटरी घराणंच आहे. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरमागचा फोटो दाखवला. आजोबा युनिफॉर्ममध्ये, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. पहिल्या महायुद्धात होते एवढं नक्की. बाकी माहिती शून्य, पण पाहुणे २४ला येणार. तीन आठवडे भरपूर झाले.
निश्चय : रोज पहाटे पाचला उठून आजोबांची संपूर्ण लष्करी कारकीर्द शोधून काढणे. त्यांचं नाव हिरू. यापुढे हिरोजीराव म्हणणे.

४ फेब्रुवारी
सव्वासातला उठलो. थंडी फार.

५ फेब्रुवारी, रात्री जेवणाआधी
काल संध्याकाळी बाजारातल्या घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. मोठा शोध! आजोबांच्या खांद्यावर पितळी अक्षरं आहेत. एम. सी. ऑफिसातल्या डिक्शनरीत पाहिलं. एम. सी. म्हणजे मिलिटरी क्रॉस! तिथेच ‘मास्टर ऑफ सेरेमनीज’ असाही एक अर्थ होता, तो सोडून दिला.
तूर्त कुणाला सांगायचं नाही. फक्त ऑफिसात सांगितलं.

७ फेब्रुवारी
पुरावे गोळा करायला दहिवलीला चंद्राबाई आत्याकडे गेलो. आजोबांची ती एकच मुलगी शिल्लक. वय बासष्ट, त्यामुळे स्मरणशक्तीचा भरवसा नाही. म्हणाली, बाच्या अंगाला जनावराचा वास यायचा रं, आई त्याला मागल्या दारी आंघोळ करायला लावायची. मी लगेच ओळखलं. घोडदळ! ती आणखी काही सांगू लागली, अरं ऐक तरी म्हणाली. पण मुद्दा मिळाला होता आणि मला घाई होती. घरी येऊन झोपलो.

१० फेब्रुवारी, रविवार
बाहीवर कोपराखाली एक फीत दिसली. म्हणजे हवालदार. मिशा बघता जमादारही असू शकतील. मागे पाणी आहे आणि त्यात एक हंस. महायुद्धात आपली पलटण मेसोपोटेमियात होती, म्हणजे ही तैग्रीस नदी. सौ. म्हणाली, हा पडदा आहे, माझ्या मामाच्या लग्नाच्या फोटोतपण हाच हंस हाय. सौ.चा भूगोल कच्चा आहे.

१३ फेब्रुवारी
सरकारी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून चौकशी करावी, असं गोदा म्हणाली. मी म्हणालो, सरकारला काय विचारायचं? संशोधन आपण करतोय. शिवाय पाकिटं संपली आहेत.

१६ फेब्रुवारी, शनिवार
एकच उणीव. मिलिटरी क्रॉस मिळालेल्या माणसाच्या छातीवर मेडल नाही. फोटो मेडल मिळण्याआधीचा असणार. म्हणून नागू पेंटरकडे नेला. नागू एरवी टेंपोवर नावं रंगवतो. त्याने चांदीच्या रंगात मेडल काढलं, जरा बत्ताशाएवढं झालं. रंग इतका जाड की काच बसेना, ती काढून ठेवली.
गोदा बघून म्हणाली, बाबा, हे खोटं आहे. मी तिला समजावलं, याला खोटं म्हणत नाहीत, जीर्णोद्धार म्हणतात. आत्याआजीकडे जाते सांगून निघून गेली. मुलीला इतिहासाची आवड नाही.

२३ फेब्रुवारी
भाषण पाठ. ‘सुभेदारसाहेब, हिरोजीराव घोड्यावर मांड ठोकून तैग्रीस ओलांडत होते...’ सौ. म्हणते, पोहे गार होतील एवढं लांबवू नका.

२४ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
पाहुणे दहाला आले. सुभेदार ताठ, सत्तरीला टेकलेले. मी भाषण सुरू केलं. तैग्रीसपर्यंत पोचलो तोवर ते उठून फोटोपाशी गेले होते. बराच वेळ बघत उभे राहिले. मग विचारलं, मिलिटरी क्रॉस कोणाला? मी खांद्यावरची अक्षरं दाखवली. ते म्हणाले, ती पदकं खांद्यावर लावत नायत आणि साध्या शिपायाला तर मिळतच नायत. मी हवालदारीची फीत दाखवली. ते म्हणाले, कोपराखालची फीत चांगल्या वागणुकीची. माणूस काही वर्षं भांडणतंटा न करता राहिला, एवढाच अर्थ. मग त्यांनी मेडलवर अंगठा ठेवला. अंगठा चंदेरी झाला.
गजा पोह्यांकडे बघत होता. मी घसा खाकरला, काहीतरी सुचणारच होतं. तेवढ्यात गोदा चहाचा ट्रे खाली ठेवून सरळ म्हणाली, मेडल बाबांनी रंगवून घेतलंय. पणजोबा घोडदळात नव्हते, खेचरं हाकायचे. चंद्राबाई आत्याआजीने सांगितलंय मला. तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर चहा घ्या आणि जा.
संपलं, असं वाटलं. सौ. पदर तोंडाला लावून उभी. गोदाची मान मात्र खाली गेली नव्हती.
सुभेदार खाली बसले. म्हणाले, एम. सी. म्हणजे म्यूल कोअर. खेचरांची पलटण. मी फोटो बघताक्षणी ओळखलं होतं. अठ्ठेचाळीस साली काश्मीरात बर्फात आमी तीन दिस उपाशी होतो. वाट बंद. चवथ्या दिवशी एक खेचरवाला पिठाची पोती घेऊन वर आला. त्याची दोन बोटं थंडीने गेली होती. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, ते अजून टोचतंय. एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. मग गोदाला म्हणाले, पोरी, ती आत्याआजी कुठं ऱ्हाते?
टांगा बोलावला. सुभेदार, त्यांचा मुलगा, गोदा आणि सौ. दहिवलीला गेले. टांग्यात जागा नव्हती. मी आणि गजाने पोहे संपवले.

३ मार्च, रविवार
लग्न ठरलं. मुलाने त्या दिवशी दहिवलीहून परत येताना गोदाला म्हणे एवढंच सांगितलं की, वडलांसमोर असं बोलायला मला अजून जमलेलं नाही. माझ्या संशोधनामुळेच सगळं जुळलं, असं मी गजाला सांगितलं. गजा हसला. का, ते कळलं नाही.
नागूने रॉकेलने मेडल पुसून दिलं. छातीवर एक पांढरट डाग राहिला.
निश्चय : आजोबांचं खरं चरित्र लिहिणे. उद्यापासून. म्हणजे पुढच्या रविवारी.

१० मार्च, रविवार
नवीन वही घेऊन दहिवलीला गेलो. आत्या उन्हात तांदूळ निवडत होती. म्हटलं, आत्या, सगळं पहिल्यापासून सांग. आज घाई नाही. ती म्हणाली, दमले रं बाबा. त्या दिशी त्या सुभेदाराला समदं सांगितलं. चिखलात रुतलेल्या खेचराची मान बा दिवसभर उचलून धरून बसला होता ते, त्याचं नाव बाने काय ठेवलं होतं ते, परत आल्यावर बा कोणाशी बोलेना ते. आता पुन्ना नाय व्हायचं माझ्याच्यानं. त्यालाच विचार.
खेचराचं नाव काय, एवढं तरी सांग म्हटलं. ती तांदूळ निवडत राहिली. म्हणाली, मागं सांगत होते तवा तू उठून गेलास.

१७ मार्च, रविवार
एसटीने खालापूरला गेलो. व्याह्यांनी पाट दिला, पाणी दिलं. म्हणाले, लिहा. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मध्ये एकदा मी सुचवलं, इथे थोडी तोफांची गर्जना घालू या का? ते म्हणाले, नको.
दोन पानं झाली. खेचराचं नाव चिमणी.