लाल दिव्यावरचा वर्ख

पिम,

मी कोराटच्या दवाखान्यात तुझ्या दादाजवळ आहे. तो अजून शुद्धीवर आलेला नाही. त्याची एवढी मोठी गाडी खांबावर आदळली, पण एअरबॅग उघडलीच नाही. गॅरेजवाल्याने डॅशबोर्डवरचा सोन्याचा वर्ख खरवडून किल्ली फिरवली, तर खाली एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला. सेन्सर केव्हाचाच बिघडला होता म्हणे. "मेला लाल डोळा वटारून बसलाय," म्हणत आईच दर पौर्णिमेला बौद्ध विहारातला मंतरलेला वर्ख रक्षणासाठी म्हणून त्यावर चिकटवायच्या.

त्यांना यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. वर्खामुळेच पोरगा वाचला, असं त्या शेजारणींना सांगताहेत. चिकट भात टोपलीत आहे, त्यांना दोन घास खायला लाव.

तुझ्या स्कूटरसाठीही त्यांनी वर्ख आणून ठेवलाय. मुकाट्याने हात जोड. पण कुठे लावायचा, ती जागा तू दाखव.

राट्री वहिनी