सरस सुकेपर्यंत

ता. ९ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आत्ताच तुमचा फोन ठेवला आणि लगेच कागद ओढला. आपल्या घरात फोनवर सगळं ठीकच असतं. खरं काय ते पत्रात.

आत्या तुमच्या कारखान्यात रंध्याच्या किसावरून घसरून डाव्या अंगावर पडली, पाय आखूड दिसतोय आणि बाहेरच्या बाजूला वळलाय, हे तुम्ही सांगितलंत तेव्हाच मी ओळखलं. खुबा मोडला की पाय असाच दिसतो. सर्जन उद्याच ऑपरेशन करा म्हणतात आणि तुम्हाला वाटतं, तिला आठ दिवस पडून जरा ताकद येऊ द्यावी. बाबा, पडून ताकद येत नाही, असलेली जाते. या वयात खुब्याचं ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं. तुम्ही शेवटी हो म्हणालात, फार मोठं काम केलंत.

ते काय करतील ते सांगते, म्हणजे बाहेर बाकावर बसून तुम्ही भलतंसलतं मनात आणणार नाही. मांडीच्या हाडाच्या पोकळीतून एक सळई घालतील. तिच्यातून एक जाड स्क्रू तिरपा वर, खुब्याच्या गोल डोक्यात जाईल. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं करतील. ती ओरडेल. ओरडू द्या.

मला येता येत नाही, हे लिहिताना हात अडतो. वॉर्डात आम्ही दोघीच फिजिओथेरपिस्ट, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. मार्च संपेपर्यंत रजेचं नाव काढता येणार नाही. आई गेल्यापासून जिनं मला वाढवलं ती तिथे पडलीय, आणि मी इथे लोकांच्या आत्यांना चालवतेय. पण ती बरी होणार. मी हे रोज डोळ्यांनी बघते.

तुमचा जीव सांभाळा, आणि माझ्यावर रागावायचं असेल तर पत्रातूनच रागवा.

तुमची
खारू


ता. १७ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझ्या आत्याचं ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी दोन जणींनी धरून तिला उभी केली. ती पांढरीफटक पडली, मग बसवली. आता आम्ही घरी आहोत.

आणि ऐक, तिच्यासाठी मी पलंग केलाय. आयुष्यात शेकडो पलंग केले, पण असा नाही. डोक्याकडची फळी हवी तितकी उचलून अडकवता येते. दोन्ही बाजूंना कठडे आहेत, झोपेत कड बदलली तरी पडायची भीती नको. एक छोटं टेबल बिजागरीवर फिरून थेट तिच्या पोटापर्यंत येतं. खुर्चीची चौकट अडकवायला दोन हात काढलेत, म्हणजे पडल्या पडल्या तिला वेताचं विणकाम करता येईल. भांड्यासाठी खालून सरकणारी फळी आहे. उशाला घंटेची दोरी. तिला जमिनीला पाय लावायची गरजच नाही. बघायला सगळी गल्ली येऊन गेली. एकानं तर स्वतःच्या सासऱ्यासाठी तसाच करून मागितला, आणि त्याचे सासरे चांगले धडधाकट आहेत.

हॉस्पिटलातून तुझ्यासारखीच एक मुलगी आत्याला चालवायला आली होती. मी तिला चहा दिला आणि दारातूनच परत पाठवली. घरातली पहिली पदवीधर तू, तुझ्या शिक्षणाचा मला अभिमान आहे, पण सांधा जोडणं मला शिकवू नका. सरस लावलेल्या जोडावर कुणी बसतं का? शिकंज्यात आवळायचा, बाजूला ठेवायचा, पक्का सुकेपर्यंत हात लावायचा नाही. घाई केली की जोड कायमचा डुगडुगतो. लाकडाचं तसंच हाडाचं. वॉकर मी कारखान्यात भिंतीला टांगून ठेवलाय. सरस सुकला की काढू.

तू काळजी करू नको. वेळेवर जेवत जा, आणि म्हाताऱ्यांवर आहे तशीच माया असू दे.

तुझा
बाबा


ता. २१ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. आधी हसले, मग घाबरले, मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत खिडकीत उभी राहिले.

बाबा, तो पलंग सुंदर असणार याबद्दल मला शंकाच नाही. म्हणूनच भीती वाटते. वाईट पलंगावरून माणूस कधीतरी उठतं तरी.

हाड सरसानं जुळत नाही. ते जिवंत आहे. लाकूड झाडापासून तुटल्यावर तुमच्याकडे येतं, हाड अजून झाडावरच आहे. आणि त्याला बेतानं भार मिळाला तर ते चांगलं भरतं, नुसतं ठेवून दिलं तर विरळ होत जातं. जोडाला शिकंजा लागतो म्हणालात ना? तो शिकंजा आतच आहे. ती सळई आणि तो स्क्रू. हाड जुळेपर्यंत बराचसा भार तेच पेलतात. ऑपरेशन केलं ते आत्यानं लगेच उभं राहावं म्हणूनच. नुसतं झोपवायचंच होतं तर एवढं कशाला केलं असतं?

मागच्या महिन्यात माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. हाड मस्त जुळलेलं होतं, एक्स-रे फ्रेम करून लावावा असा. पण घरच्यांनी प्रेमानं त्यांना पलंगावरून उतरूच दिलं नव्हतं. मांड्यांत ताकद उरली नव्हती, पाठीला जखम, छातीत कफ. जुळलेला पाय घेऊन त्या उभ्या राहू शकत नव्हत्या. अजूनही चाकाच्या खुर्चीत आहेत. तुमच्या बहिणीचं तसं झालं तर ऑपरेशन उत्तम झालं हे मी कुणाला सांगू?

आजच तिच्या टाचा आणि माकडहाड बघा, लाल झालंय का. पोटरी सुजली किंवा धाप लागली तर पत्र लिहू नका, सरळ हॉस्पिटलात न्या. त्या मुलीला परत बोलवा. आणि माझं ऐकायचं नसेल तर सर्जनना जाऊन विचारा, पण विचारा.

कडक लिहिलंय. तुमच्या हाताखालीच वाढलेय, तिरका ठोकलेला खिळा तुम्हीही सोडत नाही.

तुमची
खारू


ता. २७ जानेवारी

चि. खारे,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या बापानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. माकडहाडापाशी आल्यावर लाजला आणि तेवढी ओळ गाळली. मग कागद मी हिसकावून वाचला. माकडहाड ठीक आहे, टाचा जरा लाल आहेत.

त्याला फार झापू नकोस. पलंग त्यानं केला, पण मागितला मी. सरसाची गोष्टही आधी माझ्याच तोंडून निघाली. हॉस्पिटलातून यायच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हणाले, तूच सांग, ओल्या जोडावर कधी भार देतात का? तो भोळा लगेच नाही म्हणाला, आणि आता ते आपलंच म्हणणं आहे असं त्याला मनापासून वाटतं.

खरं सांगू? त्या दिवशी मला उभं केलं तेव्हा पाय दुखला, पण सोसण्यासारखा. घाबरवलं ते जमिनीनं. खाली बघितलं तर ती माझी वाटच बघतेय असं वाटलं. कारखान्यात पडले तेव्हा माझ्या पायाचा आवाज मी कानांनी ऐकलाय, खारे. सगळं आयुष्य या घरात मी पायावर उभी राहून काढलं. कुणाला पाणी मागितलं नाही. आता दोरी ओढली की तुझा बाप धावत येतो, आणि मला ते आवडायला लागलंय. हे वाईट आहे ना? मला कळतं. पण पलंगावर मी पडत नाही, एवढं नक्की.

तू शिकलीस, तर मला एकच सांग. मी उठले तर पुन्हा पडेन की नाही? तुझ्या त्या शिक्षिकेची गोष्ट नको, सळईची नको. हो किंवा नाही. मग मी ठरवते.

बाकी वजन कमी केलं असशील तर इथे तोंड दाखवू नको. लोभ आहेच, तो कुठे जाणार?

तुझी
आत्या


ता. ३१ जानेवारी

ती. आत्याला,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस वॉर्डात फिरले. शेवटी आमच्या वरिष्ठ बाईंना विचारलं, अशा प्रश्नाला काय सांगायचं. त्या म्हणाल्या, खरं. म्हणून खरं सांगते.

मला माहीत नाही. तू पुन्हा पडू शकतेस. नाही पडणार असं वचन मी दिलं तर ते खोटं असेल, आणि तू एका नजरेत ओळखशील. पण एवढं नक्की सांगते: जितकी जास्त पडून राहशील तितकं पडणं सोपं होईल. पलंग तुला वाचवत नाही, तो फक्त तारीख पुढे ढकलतो. आणि त्या दिवशी तुझ्या मांड्यांत स्वतःला सावरायची ताकद नसेल.

म्हणून पडणं अवघड करू या. वेदनेची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घे. गोळी घेणं म्हणजे भित्रेपणा नाही, शूरपणा करता यावा म्हणूनच घे. पहिल्या दिवशी नुसती कडेला बस, पाय जमिनीला टेकव आणि तिच्याशी ओळख करून घे. दुसऱ्या दिवशी त्या मुलीसमोर उभी राहा. चालताना आधी वॉकर पुढे, मग डावा पाय, मग उजवा. सर्जननी हाडांच्या गोळ्या दिल्या असतील, त्या बंद करू नकोस, पुढे कधी पडलीस तरी हाड मोडू नये म्हणूनच त्या आहेत.

आणि बाबांना काम दे. तुझं मनगट जिथे येतं त्या उंचीवर खोलीपासून न्हाणीघरापर्यंत लाकडी कठडा. मधला उंबरा काढून टाकायला सांग. खुर्ची उंच, हाताची. पलंगाचे कठडे एका बाजूनं काढायचे. कारखान्यातला कीस दिवसातून दोन वेळा झाडायचा, स्वतः.

मी हे काम घेतलं तेव्हा वाटलं होतं, लोकांना पाय परत द्यायचे. आता कळतं, पाय सर्जन देतात. आम्ही फक्त शेजारी थांबतो. मला तुझ्या शेजारी थांबता येत नाही, म्हणून त्या मुलीला आत येऊ दे. ती माझ्याइतकीच शिकलीय, कदाचित माझ्यापेक्षा गोड बोलत असेल.

तू ठरवशील ते मी मानेन. पण ऊठ ना गं.

तुझी
खारू


ता. १२ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

सर्जनकडे जाऊन आलो. तुझी कड घेऊन नाही, भांडायलाच गेलो होतो. त्यांनी भिंतीवरच्या दिव्यावर एक्स-रे लावला. मी बराच वेळ बघत राहिलो. तो तिरपा स्क्रू जिथून घातलाय आणि जिथवर नेलाय, त्या सर्जन पोरानं कोन अगदी बरोबर धरलाय. मी विचारलं, हा भार खरंच पेलतो का? तो म्हणाला, पेलण्यासाठीच केलाय. दुसऱ्याचं काम नीट असेल तर ते नीट आहे म्हणावं लागतं. घरी येऊन वॉकर उतरवला, पुसला.

कठडा केला. उंबरा काढला, जागा भरून घासून सपाट केली. त्या मुलीला बोलावलं. तिनं काय केलं माहीत आहे? मलाच खोलीबाहेर काढलं! म्हणाली, तुम्ही जवळ असलात की त्या तुमच्यावर रेलतात. माझ्याच घरात, माझ्याच दाराबाहेर, हातात चहाचा कप घेऊन मी उभा.

मग तुझी आत्या त्या मुलीवर खेकसली, मग मला हाक मारली. मी दाराला हात लावला. आतून मुलीचा आवाज आला की बाबांनी यायचं नाही. पुन्हा हाक आली. खारू, माझ्या बहिणीनं मला हाक मारली आणि मी गेलो नाही, असं आजवर झालं नव्हतं. मग वॉकर टेकल्याचा आवाज झाला. मग पाय घासल्याचा. पुन्हा वॉकर. एवढंच. मग ती बसली आणि दोघी हसायला लागल्या, कशाला ते मला कुणी सांगितलं नाही.

आता रोज चालू आहे. माझ्याशी ती तीन दिवस बोलली नाही, काल बोलली. तुझे आशीर्वाद उलटे आमच्याकडे पाठव, त्यांची इथे गरज आहे.

तुझा
बाबा


ता. २ एप्रिल

चि. खारू,
अ. उ. आ.

रजा मिळाली हे वाचून घर डोक्यावर घेतलं. ये, पण मला तपासायला येऊ नकोस, तुझा भाव मला कळतो. सर्जननी परवा नवा एक्स-रे काढला. हाड छान धरतंय म्हणाले. अजून पूर्ण व्हायला वेळ आहे, पण वॉकरऐवजी काठी चालेल. डावा पाय किंचित लंगडतो. संध्याकाळी जास्त. मला तर ऐट आल्यासारखी वाटते.

काल एकटी कारखान्यापर्यंत गेले. तुझा बाप फळीवर वाकलेला होता, त्याला चाहूल लागली नाही. कोपऱ्यात किसाचा हा एवढा ढीग! मी तिथेच उभी राहून त्याची अशी खरडपट्टी काढली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. तो खाली मान घालून झाडत होता आणि हसत होता. मूर्ख कुठला.

भीती गेलेली नाही, उगाच खोटं कशाला सांगू? प्रत्येक पावलाला आधी ती येते, मग पाऊल. पण आता मी तिच्यासाठी थांबत नाही. पलंगाचं टेबल काढून मी विणायच्या खुर्चीला लावून घेतलंय, पलंगावर नुसती झोपते. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते: घंटेची दोरी मी स्वतःच कापली.

हे पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत मी टाकणार आहे. तुझ्या बापाला बरोबर यायची परवानगी आहे, पण चार पावलं मागून आणि हात खिशात घालून. येशील तेव्हा भरपूर जेवायच्या तयारीनं ये, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी
आत्या

ता. क. हे पाकिटाच्या पाठीवर लिहितेय, जागा कमी आहे. पेटीपर्यंत पोचलो आणि बघते तर तिकीटच लावलेलं नाही! तुझा बाप लगेच म्हणाला, तू इथे बाकावर बस, मी पळत जाऊन घेऊन येतो. मी त्यालाच बाकावर बसवला आणि घरी आले. तिकीट लावलं. निघते.