अम्माच्या ग्राइंडरला कपॅसिटर बसवला त्याची हकिकत

सिंगानल्लूर, कोइमतूर
मार्गळी महिना, पोंगल तोंडावर

सौ. वडिवुअक्कास धाकट्या मुत्तुवेलचा वाकून नमस्कार. (पन्नाशीतली कंबर जेवढी वाकते तेवढाच, उरलेला मनानं समजून घे.) तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला एकमेकांना धरून बरे असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल.

दर फोनवर तू एकच विचारतेस, ते दोघं बोलायला लागले का? नाही. अप्पांनी परसातलं शेवग्याचं झाड न विचारता तोडलं ते दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या सुमारास. तेव्हापासून अम्मा आम्हाला सांगते, आम्ही अप्पांना सांगतो. या घरात मी मुलगा कमी आणि पोस्टमन जास्त आहे. अपवाद फक्त संध्याकाळचा. इडलीचं वाटायला घेतलं की ग्राइंडर नुसता गुणगुणतो, फिरत नाही. मग अम्माला हाक मारावीच लागते, "अहो, या जरा!" अप्पा ओसरीवरून उठतात, भांड्याला हातानं हिसका देतात, तेव्हा स्वारी फिरू लागते. त्यातून अशी मोटर जिकडे ढकलाल तिकडे फिरते, म्हणून अम्माला शेजारी उभं राहावं लागतं. "उजवीकडे हो! सगळं आयुष्य उलटंच करायचं का?" "तू बटण दाब, मग भांड." "बोटं सांभाळा." एवढाच त्यांचा संसार उरला होता.

तू रागावलीस, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अप्पांना कसले हिसके द्यायला लावता, दुरुस्त करा, नाहीतर पोंगलला मी नवा ग्राइंडर आणते. म्हणून मी मनावर घेतलं. (मी मनावर घेतलेली कामं तुला आठवत असतीलच.) मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला होता, आणि त्याच्यावरचे आकडे पिठानं खाल्ले होते. दुकानदारानं विचारलं, किती मायक्रोफॅरड? मी म्हटलं, चांगला मोठा द्या. वाढत्या पोराला मोठ्या मापाची चप्पल घ्यावी तसा दुप्पट ताकदीचा घेऊन आलो. ग्राइंडर असा उसळला की उडीद थेट मुरुगनच्या तसबिरीवर, आणि मोटर अशी तापली की तिच्यावर डोसा सुटला असता. पुन्हा दुकानात. मोटरीवरच्या पाटीवरून माप काढून दुकानदारानं माझी शिकवणी घेतली. मायक्रोफॅरड मूळचेच हवेत. व्होल्ट मूळच्याहून जास्त चालतील, कमी मुळीच नकोत. आणि सुरू करून देणारा कपॅसिटर वेगळा, चालू ठेवणारा वेगळा. (लग्नाआधी आपल्याला कुणी इतकं नीट सांगितलं होतं का, सांग.)

तर मापाचा बसवला. बटण दाबताच ग्राइंडर आपला आपण फिरू लागला, तोही उजवीकडे. मी कौतुकाची वाट पाहत उभा. अम्मानं उडीद ओतला आणि एकदा ओसरीकडे पाहिलं. हाक मारायचं कारणच संपलं होतं. ओसरीवर अप्पा पेपर धरून बसलेले, पान काही उलटेना. मोटर थांबल्यावर आत जाऊन पाणी पिऊन आले. दुसऱ्या संध्याकाळीही प्यायले. (एवढं पाणी ते चैत्रातही पीत नाहीत.) इडल्या कापसासारख्या, आणि घर मुकं.

आणि परवापासून ग्राइंडर पुन्हा गुणगुणू लागला! पुन्हा "अहो, या जरा!" आणि पुन्हा "उजवीकडे हो!" कोरा करकरीत कपॅसिटर आठवडाभरही टिकू नये? त्या दुकानदारानं मला गंडवलंय. आत्ता जाऊन त्याची यथास्थित पूजा बांधतो. दाजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
मुत्तुवेल

ता. क. दुकानात गेलो नाही. कपॅसिटर काढायला म्हणून झाकण उघडलं, तर त्याची एक तार सोडवलेली, आणि टोकाला अम्मा गजरे बांधते तो केळीच्या सोपटाचा दोरा गुंडाळलेला. दुसरी तारही सोडवलेली. तिला अप्पा सूतगिरणीत होते तेव्हाचं सूत, आणि तेच मारतात ती गाठ. पहिलं कोण ते कळायला मार्ग नाही. पण दुसऱ्यानं झाकण उघडलं तेव्हा पहिल्याचं काम दिसलं असणारच, आणि तरी त्यानं किंवा तिनं आपलीही तार सोडवली. मी दोन्ही टोकांना वरून चिकटपट्टी तेवढी लावली आणि झाकण बंद केलं.

ता. क. २. पोंगलला नवा ग्राइंडर आणू नकोस. अप्पांच्या दंडासाठी चोळायचं तेल आण. आणि संध्याकाळी आतून कितीही हाका आल्या तरी मदतीला उठू नकोस.